मोरी, मैल अकरावा

सातारच्या रेकॉर्ड रूममध्ये माझं काम
वाळवीच्या आधी पोचायचं.
कोरेगाव तालुका लोकल बोर्ड, रुमाल नऊ:
मोडीतली इतिवृत्तं, मधेच एखादं वाळकं झुरळ,
आणि रा. रा. हैबतराव फडतरे, मेंबर, ल्हासुर्णे.

१८८५. निवडून आले सदतीस मतांनी.
मतदार सगळे मिळून एकोणसाठच.
पहिल्या सभेला पागोटं नवं असणार,
कागदावर तेवढं नाही;
सही मात्र दोन ओळी खाऊन बसलीय.

पुढची तीन वर्षं: हजर. हजर. हजर.
एकदा गैरहजर, वासनेला पूर.
साहेब अध्यक्ष. साहेब विचारतात, हरकत?
हरकत नाही.
धर्मशाळेची कौलं, देवी टोचणाऱ्याचा तट्टूभत्ता,
हरकत नाही.

चौथ्या वर्षी हा माणूस उठला.
रहिमतपूरच्या वाटेवर, अकराव्या मैलाशी,
ओघळात गाड्या रुततात, बैलांचे खूर निघतात,
सबब मोरी बांधावी. खर्च रुपये एकशे ऐंशी.
नामंजूर. शिल्लक नाही.
पुढल्या साली पुन्हा. नामंजूर.
त्याच्या पुढल्या साली ‘बैल’ खोडून
वर बारीक अक्षरात ‘टपालाचा टांगा’.
मंजूर.
मी मोठ्यानं हसलो.
शिपायानं दार ढकलून पाहिलं.

पण पान उलटावं लागतं.
तीच सभा, ठराव सातवा:
मांगवाड्यातल्या विहिरीचा अर्ज, अंगठे चौदा.
शिल्लक नाही, सबब फेटाळावा. हरकत?
खाली तीच झोकदार सही.
चौदातल्या एका अंगठ्याची
रेघ न् रेघ अजून दिसते.

प्लेगच्या साली सभाच भरल्या नाहीत.
नंतरच्या यादीत त्यांच्या जागी भाचा,
आणि भाच्याला कशाचीच हरकत नाही.

रविवारी स्कूटर काढली.
मोरी आहे. घडीव दगड, कमान शाबूत,
वरून उसाचे ट्रॅक्टर जातात.
खाली सावलीत एक बाई शेळ्या घेऊन बसलेली.
म्हणाली, ही होय, ही साहेबाची मोरी.
इंग्रजानं बांधली. म्हणून टिकली.

मी नाव सांगितलं. तिनं शेळी हाकली.
मग विहिरीचं विचारलं.
कुठली विहीर, म्हणाली.