उलटा लिलाव

दुपारी तीनला सुरू होतो,
साकीनाक्याला, गाळा नंबर सतराच्या पोटमाळ्यावर.
म्युनिकला तेव्हा साडेअकरा.
नेहमीचा लिलाव चढत जातो, हा उतरतो.
जो सगळ्यात खाली, तो पहिला.

पंपाचं रबरी सील, बत्तीस मिलिमीटर, चार लाख नग.
दळवीबाईंनी कॅलेंडरचं जुनं पान फाडून
पाठीमागे लिहून दिलंय: एकवीस रुपये चाळीस.
खाली दोन रेघा. म्हणजे
याच्या खाली गेलात तर मला विचारू नका.

पडद्यावर नावं नसतात. मी बोलीदार तीन.
दोन जर्मन असणार, बावीसवरच थांबला.
थांबणं त्याला परवडतं,
त्याच्याकडे आजोबांचं नाव आहे, पेटंट आहे.
पाच कोण, कळत नाही. हनोई? कोइमतूर?
का पलीकडच्याच गल्लीतले शहा?

गेल्या साली त्यांच्या खरेदी खात्यातला एक मुलगा आला होता,
निळे मोजे, फार नम्र.
फळ्यावर त्याने दोन वर्तुळं काढली: प्रगत, उदयोन्मुख.
दुसऱ्यात एक टिंब दिलं. तुम्ही इथे.
तुमचा खर्च कमी, हीच तुमची ताकद.
मी मान डोलावली.
खाली, मोल्डिंग प्रेसपाशी,
ताकद उभ्याउभ्याने डबा खात होती.

एकवीस साठ. एकवीस पन्नास.
शेवटच्या तीन मिनिटांत कुणी बोली लावली
की आणखी तीन मिनिटं मिळतात.
अशी मिळत मिळत पाऊण तास गेला.
चहावर साय धरली.
मी एकवीस चाळीस.
पाच: एकवीस पस्तीस.

दोन रेघांकडे बघितलं.
मग हौसाबाईंचा ओव्हरटाइम धरला,
छाटणीच्या टेबलावरचा कबूल केलेला पंखा,
पॅकिंगचा जाड पुठ्ठा,
जिथून तिथून पैसा पैसा खरवडला.
एकवीस तीस.

पाच गप्प.
घड्याळ शून्यावर आलं. हिरवी पट्टी: अभिनंदन.

दळवीबाई वर आल्या. पडदा वाचला,
चष्मा काढून पदराने पुसला,
आणि काही न बोलता पान उलटं करून ठेवलं.
पुढच्या बाजूला एप्रिल.
एक तारखेभोवती माझाच लाल गोल:
पगारवाढ, नक्की.

पाच नंबरच्या माळ्यावरही
आत्ता कुणीतरी कागदाची घडी घालत असेल.
त्याच्या दोन रेघा शाबूत असतील.
मला त्याचा हेवा वाटला, मिनिटभर.

जिन्यातून रहमतने विचारलं, मिळालं का?
मिळालं, म्हटलं.
प्रेस खाली आली.