बेटाचा पत्ता

रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी आलेख ताठ झाला,
चाहूल लागलेल्या कुत्र्याच्या कानासारखा.
प्वेर्तो माँटचा आमचा सर्व्हर: बेटाबेटांवरचे दवाखाने
दिवसाकाठी जेमतेम चार हजार वेळा त्याला हाक मारतात.
आता सेकंदाला नव्वद हजार थापा.
दार उघडावं, तर समोर कोणीच नाही.

मी आणि ओयार्सो. एक हीटर, गार झालेली कॉफी.
आधी साधी चाळण लावली. निम्मं गळून गेलं.
मग प्रत्येक पाकीट फोडून आत बघणारा पहारेकरी बसवला.
इमानी, पण संथ; पोस्टातल्या त्या कारकुनासारखा,
जो पत्त्यातलं शुद्धलेखनही तपासतो.
चाळीस मिलिसेकंदांत येणारं उत्तर
नऊशेत येऊ लागलं.
"मरण्यापेक्षा लंगडणं बरं," ओयार्सो म्हणाला.
वहीत मी दोनच रकाने आखले होते:
अडवलं किती. उशीर किती.

साडेतीनला तिसरा उपाय.
एका पत्त्यावरून मिनिटाला वीसच्या वर हाका आल्या
की तो पत्ता बंद.
आलेख बसला,
ओहोटीच्या चिखलासारखा सपाट.
आम्ही पाव कापला.

चार वाजून चार मिनिटांनी फोन. जुना, तारेचा.
केउई बेटावरची सुईण, एदुविहेस मानसिया:
"बाळाच्या ठोक्यांचा कागद जात नाहीये.
तुमचं यंत्र म्हणतंय, मी फार वेळा दार वाजवलं."

एक बेट. एक डिश. एकच पत्ता.
शाळा, दवाखाना, सालमनचे पिंजरे राखणारे सोळा जण,
झोपेतही काही ना काही मागत राहणारे त्यांचे फोन.
आमच्या लेखी हा सगळा एकच माणूस,
आणि फार बडबडा.

वडील जाळं विणताना म्हणायचे,
डोळा इतका बारीक ठेवलास
तर पाणीच धरशील, पोरी,
आणि बोट जागची हलायची नाही.

एक ओळ टंकली: या पत्त्याला सोडा.
कुंपणाला एवढंसं भोक.
कागद गेला. नऊशे मिलिसेकंदांत, लंगडत, पण गेला.

मुलगी झाली म्हणे, सहाच्या सुमारास.

सकाळच्या अहवालात मी लिहिलं: हल्ला परतवला. सेवा चालू.
एक पत्ता चौतीस मिनिटं बंद.
साहेब म्हणाले, हे नगण्य आहे, काढून टाक.
काढलं नाही.
ती ओळही अजून तिथेच आहे;
तपासणीला येणारा दर नवा माणूस तिच्यावर बोट ठेवतो,
इथे फट आहे म्हणतो.
मी म्हणते, हो.
तिथे माणसं राहतात.