कोरडं फडकं

फेब्रुवारी सरता सरता
हायफोंगच्या भिंतींना घाम फुटतो.
समुद्रावरची हवा दार न वाजवता आत येते,
थंड फरशीला टेकते
आणि तिथेच पाणी होऊन बसते.
आम्ही याला नोम म्हणतो.
या दिवसांत आरशात तोंड दिसत नाही,
काडी पेटत नाही,
दोरीवरचा टॉवेल तिसऱ्या दिवशीही
परवाइतकाच ओला.

मी दोसनच्या हॉटेलात रोज चौदा खोल्या साफ करते.
चादरीला सुरकुती राहिली तर स्वतःवरच चिडते.
आणि घरी येऊन पुन्हा बादली, पुन्हा मॉप,
लिंबाच्या वासाचं ते हिरवं औषध,
खिडक्या सताड उघड्या.
वारा खेळला की घर निरोगी,
हे मला कुणी शिकवलं आठवत नाही,
पण शिकवलं होतं.

आणि रात्री दोनला
दिएपच्या छातीत बारीक शिट्टी वाजायची.
सात वर्षांची पोर
उशी पोटाशी धरून बसायची,
खांदे वर, मान पुढे,
श्वास जणू वरच्या फळीवरचा डबा,
हात पुरत नाही.

लुयेन डॉक्टरनी फार काही विचारलं नाही.
घर कसं पुसता, एवढंच.
मी सांगत गेले, जरा तोऱ्यातच:
सकाळी एकदा, संध्याकाळी दोनदा.
त्यांचं पेन थांबलं.
म्हणाल्या, बाई, या दिवसांत
तुम्ही घर पुसत नाही,
शिंपताय.

त्या रात्री कपाट भिंतीपासून ओढलं.
पलीकडून क्वेतने धरलं होतं.
मागे,
काय सांगू,
काळपट हिरवी मखमल,
गोल गोल, न विचारता वाढलेली.
क्वेत म्हणाला, नक्षी छान आहे गं.
मी त्याला मारायचीच बाकी होते.

आता खिडक्या बंद.
शेजारीण दबक्या आवाजात विचारून गेली,
घरात कुणी गेलं का?
बुरशी आधी भिजवायची मग पुसायची,
कोरडी खरवडली तर उडते, पुन्हा रुजते.
चादरी कढत पाण्यात.
कापडी म्हैस दोन दिवस फ्रीझरमध्ये, बांगड्यांच्या शेजारी;
दिएप दर तासाला दार उघडून
तिला थंडी वाजते का बघायची.
भिंतीवर एक चिमुकलं यंत्र, त्यात आकडा:
ब्याऐंशी, सत्तर, पासष्ट.
हवा सुकवणाऱ्या मशीनची टाकी मी रोज मोरीत ओतते.
तीन लिटर.
एवढं पाणी
आम्ही नाकावाटे घरात ठेवून घेत होतो.
विजेचं बिल क्वेत मला दाखवत नाही.

राहिली उदबत्ती.
त्याबद्दल मी बोललेच नाही.
क्वेतच्या आईचा फोटो वेदीवर,
रोज सकाळी तिच्यापुढे तीन काड्या,
बारा वर्षं, एक दिवस चुकला नाही.
धूर छताला लागून
सरळ दिएपच्या बिछान्यावर उतरतो,
हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.
एका सकाळी त्याने काड्या हातात घेतल्या,
बराच वेळ उभा राहिला,
परत पुड्यात सरकवल्या.
कोरडं फडकं घेतलं
आणि आईच्या चेहऱ्यावरची काच पुसली.
हळू, कोपऱ्यांपर्यंत.
अमावस्या-पौर्णिमेला पेटवतो, बाहेर जिन्यात.
आईला चालेल ना, त्याने विचारलं.
मी म्हटलं, तिलाही दमा होता.
तो विसरला होता.

हल्ली हॉटेलातही मी कपाटं ओढून बघते.
मॅनेजर म्हणतो, मागे कोण बघतंय?
कुणी नाही, मी म्हणते, आणि पुसते.

रात्री दोनला मला अजून जाग येते.
मशीनची घुंघुं, टाकीत थेंब.
शिट्टी कधी असते, कधी नसते.
काल नव्हती.
तरी मी तिच्या नाकाशी बोट धरलं,
कोरडं होतं, कोमट होतं,
आणि बराच वेळ काढलं नाही.