गॅलरीतला स्टोव्ह

तीन रविवार गॅरेथ उपाशीच परतला.
कुलाब्यात टोमॅटो कच्चा निघाला,
वांद्र्याला अंड्याखाली कसलासा पाला,
आणि बिल साडेआठशे.
"मावशी, ताटात सगळं तळलेलं हवं," तो म्हणाला,
"आणि गरम."
आठवडाभर मेट्रोच्या बोगद्यात,
माहीमच्या मातीखाली राबणारा माणूस,
माझे पोहे मुकाट संपवणारा.

माझ्या ओट्यावर अंडं चढत नाही.
पण गॅलरी ओट्यात मोडत नाही,
हा कायदा नवऱ्याने केलेला,
सासूबाई देवळात गेल्या की.
माळ्यावरून त्याचा स्टोव्ह काढला.
पिन मारली. वायसर गेलेला,
तो शोधण्यात अख्खा शनिवार.
रॉकेल कुठून आणलं ते विचारू नका.

सकाळी सॉसेज आले, पिशवीत पिशवी,
माझ्या फ्रिजला न शिवता.
टोमॅटो पालथे घातले, कडा काळ्या झाल्या.
डब्यातला राजमा चक्क गोड. असो.
मग त्याने पॅन कलतं केलं
आणि कडेचं वितळलेलं लोणी चमच्याने
बलकावर घालत राहिला, घालत राहिला,
पांढुरकी साय धरेपर्यंत.

अंडं उलटायचं नसतं, मालू,
त्याला वरून न्हाऊ घालायचं.

हे तुला कुणी शिकवलं, मी विचारलं.
"आजोबांनी. खाणीतून आले की करायचे."
मी पोळ्यांचा डबा पुढे केला.
"आज पाव," तो म्हणाला, तोंडात घास.
खालून जोगळेकरीण ओरडली,
कसला वास येतोय गं?
मी कठड्यावरून वाकले.
स्टोव्हचा, म्हटलं.