खाट सात

पार्नूच्या इस्पितळात नोव्हेंबरात
साडेतीनलाच दिवे लागतात.
उर्वे तेव्हा आकडे भरत असते.

प्रश्न साधा होता :
झटक्यानं ज्यांची वाचा गेली
त्यांना रोज मोठ्यानं वाचून दाखवलं, तर ती परत येते का?
वाचा, वाचणं, वाचवणं,
आमच्या भाषेत हे एकाच आळीत राहतात, मी म्हणालो.
'योगायोग,' उर्वे म्हणाली. असेलही.

हवे होते एकशे ऐंशी रुग्ण. मिळाले तेवीस.
'शक्ती कमी पडणार,'
पाहुणे वाढले, डाळ पुरणार नाही, अशा सुरात.
तिची शक्ती म्हणजे
खरोखर काही असेल, तर ते दिसण्याची शक्यता.
ऐंशी टक्के पुरे मानतात.
म्हणजे असलेलं पाचात एकदा दिसणार नाही
हे आधीच कबूल करून सही करायची.
मला हे फार सभ्य वाटलं.
शाळेत आमच्याकडून शब्दाच्या शक्ती घोकून घेतल्या,
अभिधा, लक्षणा, व्यंजना;
किती जणांवर तपासल्या, कुणी विचारलं नाही.

वाचायची लेलो.
फेरीबोटीचं वेळापत्रक, कविता,
मधमाश्यांवरचं एक जुनं पुस्तक.
खाट सातवर एंडेल,
मूहू बेटाच्या बोटीवर तीस वर्षं दोर टाकलेला,
फेब्रुवारीपासून गप्प.
कविता त्यानं भिंतीनं ऐकावी तशी ऐकल्या.
आणि राणी मेलेलं पोळं कसं गुणगुणतं
त्या पानावर म्हणाला :
उक्स.

म्हणजे दार.
किंवा यूक्स. म्हणजे एक.
जीभ जरा पुढे सरकली की त्यांच्यात दाराचं एक होतं,
आणि एंडेलची जीभ अर्धीच त्याची उरलेली.

लेलोला दार ऐकू आलं. उठून तिनं उघडलं.
गार हवा आली, खालच्या बटाट्यांचा वास.
एंडेलनं तिकडे पाहिलं नाही.
त्या बाजूला त्याची मान वळतच नव्हती.

उर्वेनं ध्वनिफीत चौदा वेळा ऐकली.
'एक,' म्हणाली. मग 'दार.'
मग हेडफोन काढून ठेवले.

अहवालात : परिणाम आढळला नाही.
खाली, बारीक अक्षरात : परिणाम नाही, असं नव्हे.
आणि शेवटच्या तक्त्यात,
जिथं सहसा कुणी पोचत नाही,
खाट सात, आठवडा नववा,
शब्द : एक.