नव्वदचा उंबरठा

रात्री दोन एकोणचाळीस. उशीखाली फोन थरथरला.
स्वानलौगनं चष्मा चाचपडला:
वजनकाट्याजवळचा जुना संगणक, डिस्क नव्वद टक्के.
दर गुरुवारी हेच. बॅकअप होतो, पोट फुगतं,
पहाटेपर्यंत आपोआप उतरतं.

आइसलँडात लांडगा नाही,
पण 'आला रे आला' रोज रात्री चाळीस वेळा.
मागच्या महिन्यात शीतगृह खरंच तापलं,
तेव्हा तिनं झोपेतच बोटानं पुसून टाकलं होतं.
अकरा टन कॉड.
कोणी काही बोललं नाही. मासळीच्या गावात
न बोललेलं फार ऐकू येतं.

सकाळी कॉफी, बाहेर अजून अंधार.
सगळ्या यंत्रांना एकच नियम, कुणीतरी कधीतरी लावलेला,
साऱ्या वर्गाला एकाच मापाचे बूट.
तिनं गट पाडले.
कचेरीवाल्यांनो, आठनंतर बोला.
काटे: पंच्याण्णव, तेही वीस मिनिटं टिकलं तर.
शीतगृह: उणे वीसच्या वर अर्धा अंश जरी गेलं,
लगेच. कितीही वाजता.
प्रिंटरला कायमचं गप्प केलं; जरा वाईट वाटलं.

हाफलिडी म्हणाला, बोटीवर मी इंजिनाच्या धडधडीत झोपतो,
सूर बदलला की जाग येते.
"शिकायला किती वर्षं लागली?"
तो मोजत बसला.

पुढच्या गुरुवारी, दोन एकोणचाळीस.
फोन गप्प. ती टक्क जागी.
अनवाणी जाऊन पडदा पाहून आली: ब्याण्णव.
पांघरूण ओढलं.
यंत्राचा उंबरठा सरकला होता,
तिचा अजून नव्वदवरच.