पाच वाजत आले होते

टेंबे म्हणाला, संवाद लिहिलेले नाहीत.
कॅमेरा विचारेल, तुम्ही सांगा.
आम्ही हसलो. कॅमेरा कसा विचारेल?

दिघीच्या माळावर त्यानं गेट उभं केलं होतं,
फळ्यांचं, वर कारखान्याचं खोटं नाव.
खरं गेट तिथून चार किलोमीटर.
तिथं दोन वर्षांपूर्वी गोळीबार झाला
आणि मी त्या दिवशी जुन्नरला
मेव्हणीच्या साखरपुड्यात पेढे वाटत होतो.

पोलीस त्यानं आम्हालाच केलं,
संपात सात महिने बिनपगारी काढलेल्यांना.
आणि संपकरी म्हणून आणले
पोलीस लाइनीतले तिघे, एक रिटायर जमादार,
लेबर ऑफिसातला एक कारकून, म्हसकर,
घोषणा द्यायला लाजणारा.
असं उलटं का, विचारलं
तर टेंबे चष्मा पुसत बसला. बराच वेळ.
मला इन्स्पेक्टर केलं, कारण मिशी होती.
ड्रेस नाटकाच्या कपडेवाल्याकडून भाड्यानं.
कॉलरला दुसऱ्याच कोणाचा घाम.

मेलेल्या तुळशीराम गव्हाणेचं काम
त्याच्या पाठच्या भावानं केलं, बबननं.
अकरा वेळा पडला.
दर वेळी उठून माती झटकायचा
आणि माझ्याकडं न बघता म्हणायचा,
फुगे, ऑर्डर जरा लवकर दे रे,
खडे टोचतात.

मग कॅमेरा माझ्या तोंडाशी आला.
मागून टेंबेचा आवाज, अगदी हळू :
साहेब, गोळी का चालवलीत?
मी म्हणणार होतो, वरून आदेश होता.
ते तर सगळ्यांनाच पाठ.
तोंडातून निघालं,
पाच वाजत आले होते.
मला घरी जायचं होतं.

कट कोणी म्हणालंच नाही.
रीळ संपेस्तोवर मशीन घरघरत राहिलं
आणि म्हसकर, घोषणांना लाजणारा,
बाजूला जाऊन ओकला.

पिक्चर लागलाच नाही कुठं.
आधी सेन्सॉरनं धरला, मग कोर्टानं सोडला,
सोडला तेव्हा कोणाला नको होता.
टेंबेनं पुढं आणखी दोन केले :
एक धरणाचा, त्यात बुडालेल्या गावचे लोक
टाय लावून इंजिनिअर झाले होते,
एक दंगलीचा, तो मी बघितला नाही.
माणसांना तो नेहमी
समोरच्याच्या चपलेत उभं करायचा
आणि स्वतः मात्र स्लिपरवर फिरायचा, उन्हातान्हात.
वारला तेव्हा पेपरात चार ओळी आल्या,
त्यातही आडनाव टेंभे.

गेल्या मे महिन्यात एका चॅनलवर
अचानक मी. मिशीसकट, टोपीसकट.
खाली पट्टी :
गोळीबाराचा आदेश देणारे तत्कालीन पोलीस निरीक्षक.
फोन केला. एक पोरगी गोड बोलली,
काका, पण चेहरा तुमचाच आहे ना?
आहे.
आवाज तुमचाच?
आहे.
मग चूक नेमकी कुठं, ते मेल करा.

मेल मुलानं केला. उत्तर नाही.
कासारवाडीत दूधवाला दोन दिवस बोलला नाही,
तिसऱ्या दिवशी म्हणाला, तुम्ही पोलिसात होता, सांगितलं नाहीत कधी.

पुढं कॉलेजच्या पोरांनी
लॉ कॉलेज रोडला एका हॉलमध्ये पिक्चर लावला.
मला पुढच्या रांगेत बसवलं, पाण्याची बाटली दिली.
पडद्यावर मी बत्तीस वर्षांचा,
पाच वाजत आले होते म्हणतोय
आणि हॉलमध्ये कोणीतरी च्यायला म्हणालं,
खरंच रागानं.
मलाही त्या माणसाचा राग आला.

बाहेर बबन भेटला. काठी टेकत आला होता, भोसरीहून.
म्हटलं, चॅनलवाल्यांना सांग ना तू,
तुझं तरी ऐकतील.
तो बसथांब्यावर टेकला. गुडघा चोळत राहिला.

राहू दे, म्हणाला.
खरा इन्स्पेक्टर औंधला बंगल्यात होता, मागं गेला.
एक शब्द बोलला नाही शेवटपर्यंत.
आईला मी तुझंच सांगितलं होतं.
त्याला घरी जायचं होतं, असं तो म्हणाला.
ती म्हणाली, बरं. निदान बोलला.

बस आली, आमची नव्हती.
किती वाजले, त्यानं विचारलं.
मी घड्याळ बघितलं
आणि नाही सांगितलं.